शेजारचे दोन साचे

म्हातारपणी हातपाय हलते ठेवावेत, रोज नवं काहीतरी शिकत राहावं, असं कुणी मला सांगायला आलं की मी त्याच्या तोंडाकडं नुसता बघत राहतो. सांगणारे बहुतेक पन्नाशीच्या अलीकडचे असतात. आमच्या आळीतले दोघंतिघं सकाळी फिरायला निघतात, ते मला वाटेत गाठून विचारतात, "आजोबा, या वयात एवढं ताठ कसं चालता हो?" मी हसून पुढं जातो. खरं सांगायचं तर गिरणीपासून सांगावं लागेल, आणि तिथलं सांगायला गेलं की माझीच अब्रू जाते. आता ती जायची म्हणजे किती जाईल? माझ्याबरोबरचे बहुतेक गेले. तेव्हा सांगून टाकतो.

मी मूळचा वैरागचा. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि मिसरूड फुटायच्या आत सोलापूरच्या एका गिरणीत लागलो, साचाखात्यात. साचा म्हणजे गिरणीचा माग, पट्ट्यावर चालणारा. हातानं चालवायचा तो माग आणि हा साचा, असं आम्ही म्हणायचो. एका विणकऱ्याकडं दोन साचे, ही तेव्हाची रीत. साच्यांच्या दोन ओळींमध्ये एक अरुंद बोळ असायचा आणि त्या बोळात दोन विणकर पाठीला पाठ लावून उभे राहायचे. माझ्या पुढ्यात माझे दोन, त्याच्या पुढ्यात त्याचे दोन. एक जण पाणी प्यायला गेला की दुसऱ्यानं मागं वळून त्याचेही दोन बघायचे. हे कुणी शिकवलेलं नव्हतं आणि कुठं लिहिलेलंही नव्हतं. खात्यावरचे मास्तर बदलत, त्यांच्या हाताखालचे जॉबर बदलत, पण पाठीचा माणूस सहसा बदलत नसे.

माझ्या पाठीचा माणूस साखर पेठेतला. घरी तेलुगू बोलणारा, विणकराच्याच घरातला, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. मला अण्णा म्हणायचा. अकरा वर्षं आम्ही त्या बोळात उभे राहिलो. खात्यात एवढा धडाका चालायचा की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओठांवरनं बोलायचे. त्याचे ओठ मला माझ्या बायकोच्या बोलण्यापेक्षा लवकर कळायचे. दुपारच्या सुट्टीत बाहेरच्या लिंबाखाली आम्ही एकाच फडक्यावर भाकरी सोडायचो. त्याच्या घरची चिंचेची आमटी अशी तिखट असायची की माझं नाक वाहायला लागायचं, आणि तो म्हणायचा, "अण्णा, हे तर आमी लेकरांना देतो."

पन्नाशी उलटली आणि माझे डोळे जायला लागले. ताण्यातला तार तुटला की साचा थांबवायचा, तुटलेलं टोक शोधायचं, गाठ मारायची आणि फणीच्या बारीक फटीतून ते ओढून घ्यायचं, असं ते काम. ती फट मला दिसेना. बोटांना सवय होती म्हणून भागून जायचं, पण बारीक सूत लागलं की मी चाचपडत राहायचो. मग मागनं एक हात यायचा, गाठ मारायचा, तार ओढायचा आणि निघून जायचा. तो त्याबद्दल कधी बोलला नाही आणि मीही कधी तोंड भरून आभार मानले नाहीत. दोन वर्षं हे असंच चाललं होतं, आणि खात्यात कुणालाही पत्ता नव्हता.

डोळे गेलेल्या विणकऱ्याचं काय होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या हातात झाडू यायचा. साच्यांखाली साठलेला कापसाचा भुगा ओणवं होऊन लोटायचा, आणि वरनं कालपरवाची पोरं म्हणणार, मामा, जरा बाजूला व्हा. तीस वर्षं ज्या ओळीत ताठ उभा राहिलो त्याच ओळीत कमरेत वाकून फिरायचं. मी मानी माणूस, आणि तापटही. नुसत्या विचारानं माझं डोकं फिरायचं.

आमच्या ओळीचा जॉबर माझ्याच गावचा होता. जॉबर म्हणजे विणकऱ्यांवरचा मुकादम. त्याला गिरणीत मीच आणलं. सहा महिने तो माझ्या खोलीत, माझ्या घोंगडीवर झोपला, माझ्या बायकोच्या हातची भाकरी खाल्ली. विणकराची गाठ कशी मारतात ते मी त्याला चाळीच्या पायरीवर बसवून शिकवलं. विणकाम त्याला बेताचंच जमलं. जीभ मात्र गोड होती, म्हणून तो जॉबर झाला. मला त्याचा हेवा वाटला नाही. उलट गावी जाऊन मीच सांगत सुटलो की आपला माणूस जॉबर झाला.

तर एकदा, जानेवारीतला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, नुकताच उठला होता, त्यानं मला पाण्याच्या रांजणापाशी बाजूला घेतलं.

"दादा, एक सांगतो, रागावू नगंस. मास्तरच्या वहीत तुजं नाव हाय. झाडूखाली."

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"मी मास्तरला म्हनलं, तुमी त्याला म्हातारा समजू नका. आमच्या दादाला चार साचे द्या, चालवून दाखवंल. एक हप्ता. बास. मंग कोन तुला झाडू देतंय ते मी बघतो की."

"चार?"

"का? पाठीचा मानूस पान्याला गेला की चारच बघतोस की न्हाय?"

ते खरंच होतं. पण ते पाच-दहा मिनिटांचं असायचं. अख्खा दिवस चार साचे एकट्यानं चालवणारा माणूस आमच्या खात्यात तरी कुणी बघितला नव्हता. आधी मला भीतीच वाटली. मग ती भीती कुठंतरी विरली आणि अंगात एक ऊब आली, जी मला वाटतं पंचवीस वर्षांत आली नव्हती. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मी पाठीच्या माणसाला भाकरीच्या वेळी सांगितलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "माजेच घे की. दुसरे दोन कुटनं आननार? हप्ताभर मी कांड्यांच्या पेटीवर बसून मजा बघतो. जन्मात पयल्यांदा." त्याची हजेरी त्या आठवड्यात लागणार, त्यानं मला नुसत्या सुताच्या कांड्या आणून द्यायच्या, असं जॉबरनं ठरवून टाकलं होतं. त्यामुळं त्यालाही काळजी नव्हती.

तयारीला महिना होता, आणि तो महिना मला माझ्या लग्नापेक्षा जास्त आठवतो. एका रविवारी तोच मला बाजारात घेऊन गेला. मी चष्मा नको म्हणत होतो. चष्मा म्हणजे डोळे गेल्याची कबुलीच की. तो म्हणाला, "अण्णा, कबुली कुनाला देनार? मला ठाव हाय तेवढं बास झालं. घाल गप." चष्मेवाल्याच्या पेटीतले आठ-दहा चष्मे लावून बघितले आणि ज्यातून सुईचं भोक दिसलं तो घेतला. तो कानावर राहीना, म्हणून यानं दोन्ही काड्यांना सूत बांधून डोक्यामागं गाठ मारून दिली. दुसऱ्या दिवशी फणीची फट मला अशी लख्ख दिसली की मी साचा थांबवून तसाच उभा राहिलो.

सकाळी भोंग्याच्या आधी मी सिद्धेश्वराच्या तळ्याला वळसा घालून यायला लागलो. घरी बैठका काढायला लागलो, आधी दहा, मग पंचवीस, मग पन्नास. बायको चुलीपुढून बघायची आणि म्हणायची, "कुटं फडात उतरायचं हाय का? सांगा, म्हंजी मी नारळ आनून ठिवते." चाळीतल्या बायका हसायच्या. मीही हसायचो. पण एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तुमच्या तब्येतीचं मास्तरला येवढं कवतिक कशापायी?" मी तिच्यावर खेकसलो, तुला गिरणीतलं काय कळतंय म्हणून. ती म्हणाली, "मला न्हाय कळत. पर तुमी तरी इचारा की." मी विचारलं नाही. माझ्यावर जळणारी माणसं खात्यात होती, ती माझ्या घरात कशाला, असंही तिला बोललो.

आता चार साचे कसे चालवायचे ते सांगतो, कारण ते माझं स्वतःचं होतं आणि त्याचा मला आजही अभिमान आहे, लपवून काय करू. साच्यात जो धोटा इकडून तिकडं पळतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की साचा थांबवून दुसरी घालायची. चारी साच्यांत एकदम भरलेल्या कांड्या घातल्या तर चारी एकदमच संपणार आणि तुमची त्रेधा उडणार. मी काय केलं, पहिल्या साच्यात भरलेली कांडी, दुसऱ्यात पाऊण, तिसऱ्यात अर्धी आणि चौथ्यात पाव, अशी सुरुवात करायची. म्हणजे एका वेळी एकच संपते आणि तुम्ही नुसते ओळीनं फिरत राहता. अर्ध्या-पाव कांड्या निवडून वेगळ्या ठेवायचं काम माझ्या पाठीच्या माणसानं घेतलं. आणि दुसरी गोष्ट कानाची. कांडी हलकी झाली की धोट्याचा ठोका बदलतो. एवढ्या गदारोळात तो ओळखायला तीस वर्षं लागतात. तरण्या पोरांना चार काय, दहा कान असते तरी तो ऐकू आला नसता.

सोमवारी भोंगा झाला आणि मी उभा राहिलो. मास्तर हातात घड्याळ घेऊन ओळीच्या टोकाला, शेजारी कारकून, आणि जॉबर हात मागं बांधून. पहिल्या दोन दिवसांत माझे हाल झाले. तार तुटायचे ते पाठीमागच्या साच्यावर, आणि मी वळेपर्यंत इकडचा धोटा रिकामा पळत असायचा. घरी आलो की पाय सुजून घट्ट झालेले. बायको बोलता बोलता शेकायची, शेकता शेकता बोलायची. मी बुधवारी सोडूनच देणार होतो. पाठीचा माणूस पेटीवर बसल्या बसल्या ओठांनी म्हणाला, "अण्णा, वळताना आख्खा वळू नगंस. निस्ता खांदा वळव." त्यानं उठून करून दाखवलं.

आणि गुरुवारी जमलं. कसं ते सांगता येत नाही. सकाळी कधीतरी लक्षात आलं की मी धावत नाही, नुसता चालतोय, आणि मी पोचतो तेव्हाच प्रत्येक कांडी संपतेय. चार साचे माझ्या भोवती चालले होते आणि एकही माझ्या पुढं नव्हता की मागं नव्हता. मला हसू यायला लागलं. मी त्रेपन्न वर्षांचा, तोंडात चार दात कमी, चष्मा सुतानं बांधलेला, आणि तिथं उभा राहून एकटाच हसत होतो. पेटीवरचा माणूस माझ्याकडं बघून हसत होता. शनिवारपर्यंत दुसऱ्या ओळींतले विणकर येऊन टोकाला उभे राहून बघून जायला लागले. इतका आनंद मला माझ्या पोरांच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता, हे मी बायकोला कधी सांगितलं नाही.

शनिवारी काम सुटल्यावर आवारात सगळ्यांना थांबवून घेतलं. मला फेटा बांधला, नारळ दिला. मास्तरनं हात हातात घेतला. जॉबर म्हणाला, "दादा, दोन शबुद बोल की." मला बोलायची सवय नाही. पण समोर सगळं खातं उभं होतं, आणि पुढच्या रांगेत ती पोरं, जी मला मामा बाजूला व्हा म्हणणार होती. मी त्यांच्याकडं बोट करून म्हणालो, "मला त्रेपन्नाव्या वर्षी चार साचे जमत्यात, तर ह्या तरण्या पोरांना का जमू नयेत?" लोक हसले. पाठीचा माणूस सगळ्यात मोठ्यानं हसला. कारकून माझं बोलणं लिहून घेत होता. आपलं बोलणं कुणीतरी कागदावर उतरवून घेतंय याचंच मला अप्रूप वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी गिरणीच्या फाटकावर एक कागद लागला. मराठीत होता, छापील. पुढं गर्दी झाली होती. माझ्या पाठीच्या माणसाला तेलुगू वाचता यायचं, मराठी अक्षर नाही. त्यानं मला दंडाला धरून पुढं ढकललं. "अण्णा, काय लिवलंय? वाच की मोठ्यानं."

मी चष्मा चढवला आणि वाचायला लागलो. मोठ्यानंच वाचलं, कारण मागनं लोक ओरडत होते, ऐकू येत नाही म्हणून. सदर खात्यातील त्रेपन्न वर्षे वयाचा एक कामगार सहा दिवस चार साचे सुरळीत चालवू शकला आहे. सदर कामगाराचे स्वतःचे म्हणणे असे की, मला या वयात जमते तर तरुणांस का जमू नये. इथंपर्यंत वाचताना मी, देवाशपथ सांगतो, खूश होतो. पुढं होतं, तरी येत्या महिन्यापासून एका कामगाराकडे चार साचे राहतील, आणि खालील बिल्ला क्रमांकांच्या कामगारांस कायमची रजा देण्यात येत आहे. मग नुसते आकडे. मी वाचत सुटलो होतो, थांबता येईना. दोनशे नऊ. दोनशे बारा. दोनशे सतरा.

दोनशे सतरा म्हटल्यावर त्यानं माझ्या दंडावरचा हात काढला. खिशातनं पितळी बिल्ला काढून बघितला. आकडे त्याला कळायचे. तो म्हणाला, "माजा हाय." एवढंच. मी पुढचे आकडे वाचले नाहीत. मागनं कुणीतरी विचारत होतं, पुढं काय, पुढं काय, आणि जवळच्यांनी त्याला सांगितलं की ज्यानं केलं तोच वाचतोय. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले.

रविवारी सकाळी मी जॉबरच्या घरी गेलो. तो गॅलरीत बसून बशीतनं चहा पीत होता. मी उभ्या उभ्याच विचारलं, "तुला हे ठाव होतं?"

मला वाटलं होतं, तो नाही म्हणेल. त्यानं बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "व्हय."

"मंग मीच का? तरनी पोरं कमी पडली व्हय?"

"तरनं पोर लावलं असतं तर समदे म्हनले असते, त्याच्या अंगात रग हाय, आमाला कुटं जमतंय. मास्तरला म्हाताराच पायजे होता. केस पांडरे, डोळे अधू. म्हाताऱ्यानं केलं की मंग कुनाला बोलायला तोंड ऱ्हात न्हाय."

"आनि झाडू? मास्तरच्या वहीत माजं नाव?"

"कुटली वही, दादा. ते मीच म्हनलो. त्याबिगर तू उठला नसतास."

माझं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. मला कुणी झाडू देणार नव्हतं. माझ्या मनातली भीती त्याला ठाऊक होती, कारण मीच ती त्याच्यापाशी बोललो होतो, घरचा माणूस म्हणून. त्यानं ती बरोबर उचलली आणि माझ्याच हातानं बत्तीस जणांचा... किती होते ते मी मोजलं नाही, उगाच आकडा कशाला सांगू, पण माझ्याच हातानं त्या सगळ्यांचा काटा काढला. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. वर तो मला म्हणतो, "तुजे साचे तर वाचले की, दादा. तुजं काय वाईट झालं?" त्याची बायको आतून चहा घेऊन आली. मी तो घेतला नाही. पुढं बऱ्याच वर्षांनी तो वारला तेव्हा मी शंभर पावलांवर होतो, पण गेलो नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

चार दिवस फाटकावर आरडाओरडा झाला. मग तो निवला. बाहेर कामाला माणसं उभीच असायची, सांगोल्याकडनं आलेली, पावसानं दगा दिलेली, त्यांना चार काय, सहा साचे सांगितले असते तरी हो म्हणाली असती. नवीन महिन्यापासून मी चार साच्यांवर उभा राहिलो. माझ्याशी ओठांनीसुद्धा कुणी बोलेना.

पंधरा दिवसांनी मी साखर पेठेत त्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग होता, बापाच्या वेळचा. त्यात पाय सोडून तो विणत बसला होता. त्याची बायको कांड्या भरत होती, ती उठून आत गेली. त्यानं मला बस म्हटलं. मी उंबऱ्याशीच बसलो. तो बराच वेळ विणत राहिला.

"तुला म्हाईत होतं का, अण्णा?"

"आईच्यान न्हाय."

"मला वाटलंच होतं. घरात समदे म्हनत्यात, त्याला म्हाईत होतं. मी म्हनतो, न्हाय, तो तसला न्हाय."

हे ऐकून मला रडू आलं. मी म्हणालो, मला फसवलं, माझ्या गावच्या माणसानं फसवलं. वही, झाडू, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग हात थांबवून तो माझ्याकडं वळला.

"पर आता म्हाईत झालं की न्हाय?"

"झालं."

"मंग बंद कर. उद्या मास्तरला सांग, न्हाय जमत. डोळे गेले म्हन, पाय गेले म्हन. कागदावर तुजंच बोलनं छापलंय. तूच न्हाय म्हनलास, तर मास्तर कुनाकडं बोट दावंल? चार मानसं तुज्या मागं हुबी राहतील. मी राहीन."

मी हो म्हणालो. त्याच्या हातावर हात ठेवून म्हणालो, उद्याच सांगतो. तो मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

दुसऱ्या दिवशी भोंगा झाला. मी चारी साचे सुरू केले, म्हटलं मास्तर आला की थांबवू. पोटाचं कारण मला सांगता येईल, पण ते खोटं होईल. पोरं मार्गी लागली होती, आम्ही दोघंच होतो, कुठंही भागलं असतं. झाडूचंही कारण सांगता येईल, कारण नाही जमत म्हटल्यावर तो खरोखरच हातात आला असता. ते थोडं खरं आहे. पण मी तिथं चालत होतो, चारी साच्यांचे ठोके ऐकत होतो, एकेक कांडी मी पोचतानाच संपत होती, आणि मला ते आवडत होतं. आयुष्यात एवढी एकच गोष्ट मला माझ्या ओळीत सगळ्यांपेक्षा चांगली जमली होती. ती जमत नाही म्हणून सांगायचं होतं.

दहाच्या सुमारास मास्तर ओळीच्या टोकाला येऊन उभा राहिला. तिथूनच त्यानं हात वर करून विचारलं, कसं काय. मी माझ्या पाठीच्या माणसाच्या दोन साच्यांपैकी एक थांबवून कांडी बदलत होतो. कांडी बसवली, साचा सुरू केला, मास्तरकडं बघितलं आणि ओठांनी म्हणालो, जमतंय.